काशीला निघालात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काशीला जाऊन आलेल्या माणसाला मराठी घरात अजूनही थोडा जास्त मान मिळतो आणि त्या मानाबरोबर प्रश्नही येतात. शेजारच्या काकू, ऑफिसातली मंडळी, लग्नात गाठ पडलेले लांबचे नातेवाईक, सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. हे शहर माझं फार लाडकं आहे, हे आधीच सांगून ठेवते. कौतुक जास्त वाटलं तर थोडं वजा करून वाचा. तक्रारी मात्र जशाच्या तशा घ्या.

किती दिवस ठेवावेत? टूरवाले तर दीड दिवसात काशी करून आणतात.

दीड दिवसात दर्शन होतं, आरती होते, साडीचं दुकान होतं आणि पाय सुजतात. काशी होत नाही. निदान चार रात्री ठेवा. पहिला दिवस आवाज, गर्दी आणि हॉर्न यांची सवय होण्यातच जातो. त्या दिवशी या शहराबद्दल कुठलंही मत बनवू नका, कारण ते वाईटच बनतं. दुसऱ्या दिवशी दर्शन उरका. हो, उरकाच. एकदा ते झालं की डोक्यावरचं ओझं उतरतं आणि पुढचे दोन दिवस हातात काही काम न ठेवता चालता येतं. काशीतले बहुतेक हाल घाईमुळे होतात, असं माझं पक्कं मत आहे. बाकीचे उन्हामुळे.

कोणत्या महिन्यात जावं?

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर. यातही डिसेंबरचा शेवट आणि जानेवारी म्हणजे दाट धुकं. सकाळी दहापर्यंत पलीकडचा काठ दिसत नाही आणि उत्तरेकडच्या गाड्या वाट्टेल तितक्या उशिरा धावतात. धुक्यातला घाट सुंदर असतो, पण परतीच्या प्रवासाला जोडून दुसऱ्या दिवशी महत्त्वाचं काम ठेवू नका.

मे-जून टाळा. पारा ४५ अंशांजवळ जातो, लू वाहते आणि घाटाच्या दगडी पायऱ्या दुपारी अनवाणी पायांना अक्षरशः चटके देतात. ऑगस्ट-सप्टेंबरात गंगा चढते. इथली धोक्याची पातळी ७१.२६ मीटर आहे. पाणी तिच्या आसपास गेलं की घाट बुडतात, एका घाटावरून दुसऱ्यावर चालत जाता येत नाही, नावा बंद होतात, आरती वरच्या पायऱ्यांवर किंवा गच्चीवर होते. पूर ओसरल्यावर घाटांवर गाळाचा थर राहतो. पंप लावून तो धुवून काढायचं काम कितीतरी दिवस चालतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेलात तर फोटोतल्या पायऱ्यांऐवजी चिखल बघायची तयारी ठेवा.

कार्तिक पौर्णिमेची देवदीपावली डोळ्यांचं पारणं फेडते, यात वाद नाही. पण त्या रात्री खोलीचं भाडं कित्येक पटींनी वाढतं आणि घाटावर पाऊल ठेवायला जागा उरत नाही. गर्दी सोसत नसेल तर कार्तिकातली दुसरी कुठलीही संध्याकाळ निवडा. पंचगंगा घाटावर बांबूच्या टोकाला टोपल्यांत आकाशदिवे चढवतात, ते महिनाभर असतात आणि बघायला कुणी धक्का मारत नाही.

मुंबई-पुण्याहून रेल्वेनं कसं जायचं? तिकिटावर वेगवेगळी स्टेशनं दिसतात.

हा गोंधळ खरा आहे. वाराणसी जंक्शन, ज्याला तिथे सगळे 'कैंट' म्हणतात, ते मुख्य. 'बनारस' नावाचं स्टेशन म्हणजे जुनं मंडुआडीह. २०२१ मध्ये नाव बदललं. तेही शहरातच आहे आणि अस्सी घाटाकडे राहणार असाल तर उलट सोयीचं. 'पं. दीनदयाळ उपाध्याय जंक्शन' म्हणजे आपलं जुनं मुगलसराय. ते गंगेच्या पलीकडे, शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे. कलकत्त्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या तिथेच सोडतात. तिथून रिक्षा मिळते, पण पुलावरच्या कोंडीत तास सहज जातो. काशी आणि वाराणसी सिटी ही दोन लहान स्टेशनं तुमच्या वाट्याला बहुधा येणार नाहीत.

मुंबईहून 'महानगरी' ही जुनी, भरवशाची गाडी. इटारसी, जबलपूर, सतना करत जाते आणि एक पूर्ण दिवस खाऊन वर आणखी काही तास घेते. विमानतळ बाबतपूरला, शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर. विमानाने वेळ वाचतो हे खरंच. तरी जाताना एकदा तरी रेल्वेने जावं. विंध्य ओलांडून मैदान कसं उघडत जातं, हे खिडकीतूनच कळतं.

राहायचं कुठे? घाटावर की स्टेशनजवळ?

घाटाजवळ. पण बुकिंग करताना एकच प्रश्न विचारा: 'रिक्षा जिथे सोडते तिथून किती चालायचं, आणि पायऱ्या किती?' घाटावरच्या हॉटेलांचे फोटो नदीकडून काढलेले असतात. प्रत्यक्षात मागच्या बाजूने अर्धा किलोमीटर गल्ली असते, मध्ये एखादा सांड आडवा बसलेला असतो आणि चाकांची बॅग त्या फरसबंदीवर चालत नाही. पाठीवरची सॅक न्या.

अस्सीच्या बाजूला रस्ता थेट घाटापर्यंत येतो, गर्दी कमी आणि चहा-नाश्त्याची सोय बरी. वडीलधारी माणसं बरोबर असतील तर तिकडेच राहा. दशाश्वमेध-गोदौलिया हे शहराचं नाक. सगळं जवळ, पण शांतता नाही. जुनी काशी अनुभवायची असेल तर पंचगंगा-ब्रह्माघाटाकडचा भाग, ज्याला 'पक्का महाल' म्हणतात, तो बघा. तिथे सोयी कमी आहेत, पण माझी पसंती त्यालाच.

गल्ल्यांत हरवलो तर?

हरवालच. मोबाइलचा नकाशा उंच भिंतींमध्ये गोंधळतो आणि तुम्हाला कुणाच्या तरी न्हाणीघरापर्यंत नेऊन सोडतो. उतार दिसेल तिकडे चालत राहा, बहुधा गंगेवर निघाल. नाहीतर सरळ विचारा. इथे 'भैया' चालतं, 'गुरू' जास्त चालतं, आणि 'महादेव' म्हटलं की पानाने तोंड भरलेला माणूससुद्धा हाताने दिशा दाखवतो. दोन माणसांनी दोन दिशा दाखवल्या तरी घाबरू नका. दोन्ही वाटा पोहोचतात.

खरा त्रास मोटारसायकलींचा. दोन माणसं जेमतेम मावतील अशा गल्लीतून ती हॉर्न वाजवत येते आणि तुम्ही शेजारच्या ओट्यावर चढून उभं राहणं अपेक्षित असतं. सांड त्या मानाने सज्जन, पण त्याच्या मागून जाऊ नका. माकडं चष्मा पळवतात. संकटमोचन मंदिराच्या आवारात तर पिशवीतला प्रसादही सांभाळा.

विश्वनाथाचं दर्शन किती वेळात होतं?

साध्या मंगळवारी-बुधवारी सकाळी तासाभरात होऊ शकतं. सोमवारी, श्रावणात, महाशिवरात्रीला किंवा सुट्ट्यांच्या आठवड्यात अर्धा दिवस धरा. उत्तरेचा श्रावण आपल्याआधी साधारण पंधरा दिवस सुरू होतो, हे तारखा ठरवताना विसरू नका. मोबाइल, कॅमेरा, चार्जर, स्मार्ट घड्याळ, पेन यांतलं काही आत नेता येत नाही. लॉकर असतात, पण सर्वांत सोपं म्हणजे हे सगळं खोलीवर ठेवून जाणं. 'सुगम दर्शन'चं तिकीट मंदिर न्यासाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. गल्लीत 'व्हीआयपी दर्शन' विकणाऱ्याचं ऐकू नका. पहाटे तीनच्या सुमाराला मंगला आरती असते. तिचंही तिकीट आधी काढावं लागतं.

१३ डिसेंबर २०२१ ला नवा कॉरिडॉर खुला झाला. त्याने मंदिरापासून थेट ललिता घाटापर्यंत मोकळा रस्ता केला. रांगेतली चेंगराचेंगरी कमी झाली, म्हाताऱ्या माणसांना श्वास घेता येतो, गंगेकडून वर येताना मंदिराचं शिखर दिसतं. त्याच कामात शेकडो घरं आणि त्यांच्यामधल्या गल्ल्या गेल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मला सोय आवडली आणि त्या गल्ल्यांची आठवणही येते.

दलाल फार फसवतात, असं ऐकलं आहे.

फसवतात. पण त्यांच्या युक्त्या ठरलेल्या आहेत.

रिक्षावाला सांगतो, 'तुमचं हॉटेल बंद झालं' किंवा 'पाण्याखाली गेलं'. त्याला कमिशन देणारं हॉटेल दुसरीकडे असतं. हॉटेलला तिथूनच फोन लावा. कुणीतरी कपाळावर गंध लावून हात पुढे करतो; लावून घ्यायचं नसेल तर आधीच हात जोडून पुढे निघा. घाटावर हात मिळवायला आलेला माणूस हात सोडत नाही आणि तेवढ्यात मालिश सुरू होतं. मणिकर्णिकेवर, म्हणजे स्मशानघाटावर, 'मरणाची वाट बघणाऱ्या गरिबांसाठी लाकडं' म्हणून पैसे मागतात, आणि रक्कम किलोच्या भावाने सांगतात. ते पैसे लाकडांना जात नाहीत. आणि 'माझा भाऊ विणकर आहे, फक्त बघा, घेऊ नका' हे वाक्य तर दिवसातून चार वेळा ऐकाल.

कुणाशी वाद घालू नका. 'नहीं गुरू' म्हणा आणि चालत राहा. मराठी माणूस थांबून पूर्ण वाक्यात नकार देतो, कारणंही सांगतो, तिथेच अडकतो.

धार्मिक विधी करायचे असतील तर दक्षिणा आधी ठरवा, सगळ्यांदेखत. इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मराठी पुरोहित आहेत. आपल्याकडच्या गुरुजींना विचारून निघालात तर नाव-पत्ता हमखास मिळतो.

मणिकर्णिकेवर जावं का? लहान मुलं बरोबर आहेत.

मुलांना किती सांगायचं ते तुम्हीच ठरवा. मी इतकंच म्हणेन की तिथे 'बघायला' जाऊ नये. घाटांवरून चालताना ती वाटेत येते, तशी येऊ द्यावी. चिता दिवसरात्र जळतात, लाकडांच्या राशी घरांच्या उंचीच्या असतात आणि सगळं इतक्या रोजच्या कामासारखं चालतं की पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्याचाच धक्का बसतो. शेजारी चहा उकळत असतो. फोटो काढू नका, लांबून नावेतूनसुद्धा नको. ते कुणाचे तरी वडील असतात.

धूर सोसत नसेल, दमा असेल तर मागच्या गल्लीतून वळसा घाला.

गंगा आरती कुठून बघावी?

दशाश्वमेधावरची आरती मोठी, झगमगती आणि माइकवरची असते. एकदा नावेतून बघा. नाव ठरवताना भाव माणशी की नावेचा, आणि वेळ किती, हे दोन्ही स्पष्ट करून घ्या. पहाटे वल्ह्यांची नाव मिळाली तर तीच घ्या. इंजिनाच्या नावा लवकर पोहोचवतात, पण पाण्यावरची पहाट ऐकू येत नाही. घाट पश्चिम काठावर आणि समोर नुसती वाळू, त्यामुळे सूर्य थेट तुमच्या अंगावर उगवतो. गंगा इथे उत्तरेकडे वाहते, म्हणून हे जमून आलं आहे.

अस्सीवर २०१४ पासून पहाटे 'सुबह-ए-बनारस' असतं. आरती, मग थोडं शास्त्रीय गायन-वादन, मग योगासनं. फुकट. ज्यांना संध्याकाळची गर्दी नको त्यांनी हे करावं.

सगळे घाट पायी होतात का? त्यात मराठी माणसाने काय बघावं?

अस्सीपासून राजघाटापर्यंत सहा-सात किलोमीटर, ऐंशीहून जास्त घाट. न थांबता चाललं तर अडीच तास, पण न थांबता चालणार कोण? सकाळी अस्सीवरून निघा म्हणजे ऊन पाठीशी नाही तरी निदान कोवळं असतं. दुपारपर्यंत जिथे पोहोचाल तिथे थांबा. उरलेलं दुसऱ्या दिवशी.

आता खरी गंमत. हे घाट दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत जाणं म्हणजे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला मराठ्यांचा इतिहास दगडांवरून वाचत जाणं आहे. अस्सीजवळ भदैनीत झाशीच्या राणीचं जन्मस्थान आहे. तिचे वडील मोरोपंत तांबे इथे दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजी अप्पा यांच्या पदरी होते, म्हणून मनू काशीत जन्मली. शेजारीच तुलसी घाट, तुलसीदासांचा. पुढे राजा घाट अमृतराव पेशव्यांच्या नावाशी जोडलेला. दरभंगा महालाची ती देखणी इमारत आणि शेजारचा मुन्शी घाट नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी उभारला. दरभंग्याच्या राजांकडे ती वास्तू नंतर गेली. लगेच अहिल्याबाई घाट. मणिकर्णिका ओलांडली की शिंदे घाट, ज्याला तिथे 'सिंधिया घाट' म्हणतात. बायजाबाई शिंद्यांनी तो इतका भव्य बांधायला घेतला की त्याच्याच वजनाने तो खचला. त्याच्याजवळ रत्नेश्वराचं देऊळ पाण्यात कललेलं उभं आहे, ते तर डोळ्यांत भरतंच. मग भोसले घाट, नागपूरकरांचा, गढीसारखी उंच भिंत.

आणि मग पंचगंगा. इथे घाई करू नका. वर बिंदुमाधवाचं देऊळ आहे. मूळ मोठं मंदिर औरंगजेबाच्या काळात पाडलं गेलं, त्या जागी आलमगीर मशीद उभी राहिली. आजचं देऊळ तिच्या शेजारी, घरासारखं साधं, औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं. बाहेरून ओळखूही येत नाही. जिना चढून वर जा, गच्चीवरून नदीचं वळण पूर्ण दिसतं. संत एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरची आपली टीका शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, याच काशीत पूर्ण केली. पैठणचा माणूस संस्कृत पंडितांच्या या गावात येऊन मराठीत लिहितो, हे त्या पायऱ्यांवर बसून आठवलं की नाथांच्या धैर्याचा अंदाज येतो.

पंचगंगेला लागून दुर्गाघाट, ब्रह्माघाट. इथे अजून मराठी घरं आहेत. दारावर आडनावं वाचत चाला. गणपतीत इथला उत्सव बघण्यासारखा असतो. या मंडळींचं मराठी ऐकलं की मजा वाटते: शब्द पुण्याच्या जुन्या वाड्यातले आणि हेल बनारसी. 'तुम्ही मराठी का?' एवढं विचारलं तरी चहा मिळतो, पण कुणाच्या घरात डोकावून फोटो काढू नका. तिथे माणसं राहतात.

विश्वनाथ मंदिर अहिल्याबाईंनी बांधलं, हे नक्की का?

नक्की. १६६९ मध्ये आधीचं मंदिर पाडलं गेलं. आजचं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमाराला बांधलं. शिखरावरचं सोनं नंतर पंजाबच्या महाराजा रणजितसिंहांनी दिलं. ज्ञानवापी विहिरीवरचा खांबांचा मंडप बायजाबाई शिंद्यांचा, १८२८ चा. ते पाडलेलं, सोळाव्या शतकातलं मंदिर ज्या नारायणभट्टांच्या पुढाकाराने उभं राहिलं होतं, त्यांचं घराणं मूळचं पैठणचं. त्याच घराण्यातले गागाभट्ट १६७४ मध्ये शिवराज्याभिषेकासाठी रायगडावर आले. आपल्याकडे हे सगळं सुटंसुटं शिकवतात. काशीत ते एका किलोमीटरच्या आत सापडतं.

खाण्याचे हाल होतात का?

हाल? उलट आवरा म्हणायची वेळ येते. सकाळी कचौडी, बटाट्याची रसदार भाजी आणि जिलबी. नऊनंतर गेलात तर कढई थंड आणि चेहरेही थंड. दुपारी बाटी-चोखा. संध्याकाळी टमाटर चाट, जी इतर कुठे अशी जमत नाही. लस्सी कुल्हडात. हिवाळ्यात 'मलइयो': दूध आटवून, रात्रभर दवात ठेवून, घुसळून काढलेला केशरी फेस. सकाळी लवकर मिळतो, उन्हं वर आली की विरतो. हा एकच पदार्थ खाण्यासाठी जानेवारीतलं धुकं सोसायला मी तयार असते. हिवाळ्यातच चुडा-मटरही मिळतो. आपल्या पोह्यांचा तुपातला श्रीमंत चुलत भाऊ समजा.

ठंडाई मागताना 'बिना भांग' असं स्पष्ट म्हणा. भांग इथे सरकारमान्य दुकानात मिळते आणि ती अंगावर येते तेव्हा खोलीची वाट सापडत नाही. चार दिवसांनी साध्या वरण-भाताची आठवण झालीच तर अन्नपूर्णेच्या अन्नक्षेत्रात पंगतीला बसा.

खरंच इतकी घाण असते का?

गल्ल्यांत शेण असतं, पानाच्या पिचकाऱ्या असतात. अस्सी नदीचा तर नालाच झाला आहे. पूर्वीपेक्षा घाट खूप स्वच्छ झाले, हेही खरं. स्नान करायचं असेल तर प्रवाहाच्या बाजूला, साखळी किंवा कठडा असेल तिथे करा. पायऱ्या पाण्याखाली शेवाळलेल्या असतात आणि एकदम खोल उतरतात. ते पाणी पिऊ नका, श्रद्धा असली तरी.

एकटीने गेलं तर चालतं का?

मी जाते. पहाटेचे घाट निर्धास्त वाटतात. आंघोळीला आलेल्या बायकांची वर्दळ असते. रात्री दहानंतर गल्ल्या एकदम रिकाम्या होतात, तेव्हा मुख्य रस्त्यावरूनच परता. नाव ठरवताना आणखी दोन-तीन कुटुंबांबरोबर बसा. होळीच्या दोन दिवसांत एकट्या बाईने बाहेर पडू नये. हे मी काळजीने नव्हे, माहितीने सांगते आहे.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. त्यांना न्यावं का?

न्या, आणि लवकर न्या. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणत आपल्याकडे बऱ्याच काशीयात्रा राहून जातात. चालणं मात्र कमी करा. अस्सीजवळ खोली घ्या, घाट नावेतून दाखवा, गोदौलियापासून सायकलरिक्षा मिळते का ते बघा. मंदिरात व्हीलचेअरसाठी आधी विचारा. एका दिवशी एकच गोष्ट ठेवा. काळभैरवाला बाबांना गर्दीत उभं करू नका. काशीचा कोतवाल बाहेरून केलेला नमस्कारही स्वीकारतो, अशी माझी समजूत आहे.

बनारसी साडी खरी कशी ओळखायची?

साडी उलटी करा. 'कढुआ' विणीत प्रत्येक बुट्टी वेगळी विणलेली असते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. दुसऱ्या प्रकारात मागून धागे कापलेले दिसतात. तीही हातमागाची असू शकते, पण किंमत कमी हवी. काठाजवळ टाचण्यांची बारीक भोकं दिसली तर हातमागाची शक्यता जास्त. रिक्षावाल्याने नेलेल्या दुकानात काही घेऊ नका. मदनपुरा, अलईपुरा हे विणकरांचे मोहल्ले; तिथून दिवसा चालत गेलात तर यंत्रमागाचा घरघराट आणि हातमागाची ठक-ठक यांतला फरक तुमचा तुम्हालाच कळेल.

सारनाथ आणि रामनगर एका दिवसात होतील?

होतील, पण का? दोन्ही विरुद्ध दिशांना आहेत. सारनाथ दहा किलोमीटरवर. महाराष्ट्रातून येणाऱ्या बौद्ध यात्रेकरूंसाठी तर तीच मुख्य जागा. सुमारे ४३ मीटर उंचीचा धामेक स्तूप, शेजारची हिरवळ आणि संग्रहालयात ठेवलेलं अशोकाचं सिंहशीर्ष, जे आपण प्रत्येक नाण्यावर बघतो. मूळ दगडाची झिलई बघितली की दोन हजारांहून जास्त वर्षांचा हिशेब जुळत नाही. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. काशीच्या गोंगाटाने डोकं पिकलं की त्या दिवशी सारनाथ ठेवा.

रामनगरचा किल्ला गंगेपलीकडे. किल्ल्यापेक्षा तिथली रामलीला महत्त्वाची. अनंत चतुर्दशीच्या सुमाराला सुरू होऊन महिनाभर चालते, माइक नाही, विजेचे दिवे नाहीत. प्रसंग बदलला की जागा बदलते आणि हजारो माणसं पाठोपाठ चालत जातात.

गाणं ऐकायला मिळेल?

एप्रिलमध्ये हनुमान जयंतीच्या सुमाराला संकटमोचन मंदिरात संगीत समारोह असतो. रात्र रात्र चालतो, तिकीट नाही, मोठमोठे कलाकार हजेरी लावतात. महाशिवरात्रीच्या आसपास तुलसी घाटावर ध्रुपद मेळा. उस्ताद बिस्मिल्ला खाँ ज्या बालाजी मंदिरात रियाजाला बसत, ते पंचगंगेच्या परिसरातच आहे. एप्रिलच्या उन्हाबद्दल वर लिहिलं नाही, कारण हे एक निमित्त असेल तर ते सोसावं.

त्रिस्थळी यात्रा एकाच फेरीत करावी का?

प्रयाग सुमारे सव्वाशे किलोमीटर, गया त्याच्या दुप्पट. आठ दिवस असतील तर जमतं. पाच दिवसांत तिन्ही केलीत तर लक्षात फक्त गाडीची सीट राहते. विधी करायचाच असेल तर क्रम गुरुजींना विचारा, आणि काशी शेवटी ठेवा म्हणजे उरलेले दिवस तिला मिळतात.

काशीत काहीतरी सोडून यायचं असतं ना? काय सोडावं?

आवडती भाजी किंवा फळ सोडायची पद्धत आहे. बहुतेक लोक चलाखी करून न आवडणारं कारलं सोडतात. तुमचा आणि विश्वेश्वराचा प्रश्न. आंबा मात्र सोडू नका, मे महिन्यात घरच्यांना त्रास होतो.

गंगेचा गडू आणि मावंदं: अजून करतात का?

करतात. ठठेरी बाजारात तांब्याचे गडू मिळतात. पाणी काठावरचं न घेता नावेतून मध्यावर जाऊन भरा, आणि झाकणाला डाख तुमच्यासमोर देऊन घ्या. नाहीतर जबलपूर येईपर्यंत बॅगेतले कपडे गंगास्नान करतात. विमानाने येणार असाल तर गडू कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत घाला. घरी आल्यावर गंगापूजन आणि मावंद्याचं जेवण. पुरण घालायचं की नाही ते घरच्या रितीप्रमाणे. बाजारातली दुकानं उशिरा उघडतात, त्यामुळे परतीची गाडी सकाळची असेल तर गडूचं काम आदल्या दिवशीच करून ठेवा.